कांजिण्यांचा संपर्क आला? पुरळाची वाट पाहू नका

थंडी ओसरू लागते, शाळांच्या वार्षिक परीक्षा जवळ येतात आणि याच सुमारास कांजिण्याही डोके वर काढतात. खराडीसारख्या भागात एकेका सोसायटीत शेकडो कुटुंबे राहतात. आई-वडील दोघेही नोकरीला आणि मुले एकाच पाळणाघरात, एकाच स्कूल बसमध्ये. अशा ठिकाणी एका मुलाला कांजिण्या झाल्याचा निरोप व्हॉट्सअॅप ग्रुपवर आला, की कुणी घाबरते, तर कुणी म्हणते, ‘लहानपणी सगळ्यांनाच होतात, एकदा होऊन गेलेल्या बऱ्या.’ मग सगळे पुरळ येते का, याची वाट पाहत बसतात. खरे तर संपर्कानंतरचे पहिले तीन ते पाच दिवसच सर्वांत मोलाचे असतात.

संपर्क कशाला म्हणायचे?

कांजिण्या ‘व्हॅरिसेला झोस्टर’ या विषाणूमुळे होतात. तो हवेतून आणि फोडांतील पाण्यातून पसरतो. आजारी मुलासोबत एका घरात राहणे, एका खोलीत पंधरा मिनिटे किंवा अधिक वेळ बसणे, समोरासमोर खेळणे म्हणजे संपर्क. पार्किंगमध्ये लांबून दिसलेल्या मुलामुळे काळजी करण्याचे कारण नाही. एकाच घरात मात्र आजार न झालेल्या आणि लस न घेतलेल्या दहापैकी नऊ जणांना लागण होऊ शकते. पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच मूल इतरांना संसर्ग देत असते. त्यामुळे ‘काल तर एकत्र खेळले, तेव्हा काहीच नव्हते’ या समाधानाला अर्थ नाही.

घरातल्या आजी-आजोबांना नागीण झाली असेल, तर तोही याच विषाणूचा प्रताप. नागिणीच्या फोडांच्या संपर्कातून लहानग्याला कांजिण्या होऊ शकतात. पुरळ झाकून ठेवावे आणि हात धुवावेत.

पहिले काम : लसीचे कार्ड काढा

मुलाला आधी कांजिण्या होऊन गेल्या असतील किंवा लसीच्या दोन्ही मात्रा झाल्या असतील, तर सहसा काही करावे लागत नाही. एकच मात्रा झाली असेल, तर दुसरी आता द्यायची का, हे बालरोगतज्ज्ञांना विचारा. एकही झाली नसेल आणि मूल एक वर्षाहून मोठे व एरवी निरोगी असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. संपर्कानंतर तीन दिवसांत, फार तर पाच दिवसांत लस दिली, तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो. सोमवारी कळले आणि ‘रविवारी सुटी आहे, तेव्हा जाऊ’ म्हटले, तर ही संधी हातची जाते.

ही लस सरकारच्या मोफत लसीकरण कार्यक्रमात नाही. त्यामुळे ‘सगळ्या लसी झाल्या आहेत’ असे वाटणाऱ्या अनेक घरांत नेमकी हीच राहिलेली असते. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना पहिली मात्रा १५ महिन्यांच्या सुमारास आणि त्यानंतर दुसरी देण्याची शिफारस करते. जपानचे डॉ. मिचिआकी ताकाहाशी यांनी १९७०च्या दशकात ही लस तयार केली. स्वतःच्या मुलाला झालेल्या तीव्र कांजिण्या पाहून ते या कामाला लागले होते.

यांच्यासाठी थांबू नका

गर्भवती, नवजात बाळ आणि कर्करोगाचे उपचार, स्टेरॉइड किंवा अन्य कारणाने प्रतिकारशक्ती कमी झालेली व्यक्ती यांना ही लस साधारणपणे देता येत नाही, आणि आजाराचा धोका त्यांनाच सर्वाधिक. गर्भवतीला लहानपणी कांजिण्या झाल्याचे आठवत नसेल, तर रक्ततपासणीतून प्रतिपिंडे आहेत का ते कळते. गरज वाटल्यास डॉक्टर तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन देतात. ते जितके लवकर तितके चांगले, जास्तीत जास्त दहा दिवसांत. ते सगळीकडे मिळतेच असे नाही, म्हणून शोधाशोधीलाही वेळ हाताशी हवा.

मोठ्यांनाही कांजिण्या होतात आणि मुलांपेक्षा जास्त त्रास देतात. पाळणाघरातल्या ताई, घरकामाला येणाऱ्या मावशी यांनाही निरोप द्या.

२१ दिवसांचा हिशेब

संपर्काची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. आजार दिसायला १० ते २१ दिवस लागतात. निरोगी मुलाला या काळात घरी कोंडण्याची सहसा गरज नसते; पण आठव्या दिवसापासून बारसे, गर्भवतीची भेट, रुग्णालयात आजारी नातेवाइकाला पाहायला जाणे टाळा. ताप किंवा खाजरे पुरळ दिसले, तर शाळा बंद. दवाखान्यात जाण्याआधी फोन करा, म्हणजे मुलाला इतर रुग्णांत बसावे लागणार नाही. सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत, म्हणजे साधारण पाच ते सात दिवस, मूल घरीच ठेवा.

तापाला डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात पॅरासिटामॉल द्या. अॅस्पिरिन अजिबात नको, त्याने मेंदू आणि यकृताला इजा करणारा गंभीर विकार होऊ शकतो. आयबुप्रोफेनही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. नखे कापा, सुती कपडे घाला. ‘अंगावर पाणी घ्यायचे नाही’ हा समज सोडा. कोमट पाण्याने आंघोळ चालते, फक्त अंग घासू नका. कडुनिंबाचा पाला अंथरला तरी त्याला उपचार समजू नका.

श्वास लागणे, सतत उलट्या, गुंगी, मान ताठ होणे, तोल जाणे, फोडांभोवती लाली व सूज वाढणे किंवा चार दिवसांनंतरही ताप राहणे, यांपैकी काहीही दिसले तर लगेच रुग्णालय गाठा.

‘एकदा होऊन जाऊ द्या’ म्हणून मुद्दाम मुलांना एकत्र आणणे धोक्याचे आहे. बहुतेक मुले सहज बरी होतात; पण कुणाला न्यूमोनिया होईल किंवा कुणाच्या मेंदूला सूज येईल, हे आधी सांगता येत नाही. दोन मात्रा वेळेवर घेतलेल्या मुलाच्या घरी असा निरोप आला, तर फार धावपळ करावी लागत नाही.