फाल्गुनातील रानवाट

पंचांगाच्या हिशेबाने फाल्गुन हा शिशिराचा महिना. वसंताचा मान चैत्र-वैशाखाचा. परंतु सह्याद्रीतील झाडे पंचांग पाहत नाहीत. होळीच्या खळग्यासाठी अजून कुदळ उचलली गेलेली नसते, तोच डोंगरउतारावर पळस पेटलेला असतो. वसंत म्हटला की आंब्याचा मोहोर, कोकिळेचे कूजन आणि हिरवी पालवी असे चित्र आपल्या डोळ्यांसमोर येते. ते खोटे नव्हे. पण आपल्या डोंगरातला वसंत बव्हंशी निष्पर्ण असतो, हे त्या वाटेने चालल्याखेरीज ध्यानी येत नाही.

होलिकोत्सवास चार दिवस उरले असताना आम्ही स्नेहीमंडळींनी कर्जत तालुक्यातील खांडस गावाहून भीमाशंकरची वाट धरली. येथून वर जाण्यास दोन घाट आहेत. शिडी घाट जवळचा, पण उभ्या कड्याचा. गणेश घाट लांबचा व सोशिक. मंडळींत गुडघ्यांची तक्रार असणारे दोघे होते, तेव्हा गणेश घाट ठरला. तो ठरला हे बरेच झाले, कारण फुले पाहावयाची तर पाऊल सावकाशच पडावयास हवे.

पायथ्याच्या रानात पान असे नव्हतेच. साग उघडे, ऐन उघडे; पायाखाली वाळल्या पाचोळ्याचा चुरचुर आवाज. आणि या करड्या पसाऱ्यात पळस! काळसर मखमली देठकोशातून बाहेर आलेली ती केशरी, बाकदार पाकळी पाहिली म्हणजे संस्कृतात त्यास ‘किंशुक’ का म्हटले असावे, ते निराळे सांगावे लागत नाही. हा पोपट तर नव्हे, अशी शंका खरोखरच येते. पाने गळालेली असल्यामुळे फुले दुरूनही दिसतात, आणि ती दिसावी हाच वृक्षाचा हेतू. मैना, बुलबुल, शिंजीर असे किती तरी पाहुणे मधासाठी फांदीफांदीवर भांडत होते. चोच आत गेली की कपाळास पराग लागतो आणि पाखरू तो पुढच्या झाडाला पोहोचविते. वैशाखात शेंगा वाळतात आणि बी नेमके पावसाच्या तोंडावर जमिनीस मिळते. पळसाला पाने तीनच, हे आपण उठता बसता म्हणतो. त्याची ही कालगणना मात्र क्वचितच कोणी वाखाणतो.

एका झाडाखाली एक वृद्ध बाई गळलेली फुले वेचीत होत्या. “आजी, झाड भरलेलं असताना खालची का वेचता?” असे आमच्यातील एकाने विचारले. त्या हसल्या. “वर हात पुरतोय का बाबा? आन् पडलेल्याचा रंग काय कमी उतरतो?” त्यांनी आम्हांस ओंजळभर फुले दिली आणि कृतीही सांगितली: रात्रभर पाण्यात भिजत घालावी, सकाळी एक उकळी द्यावी, गाळताना चिमूटभर चुना टाकावा. चुन्याने पिवळा रंग चढून गडद केशरी होतो. रंगपंचमीचा मूळ रंग तो हाच.

पुढे काटेसावरीचा सडा लागला. तळहाताएवढी, मांसल, तांबडी फुले पडली की रात्री भेकरे ती खाण्यास येतात. काही गावी हीच सावर तोडून होळीत उभी करण्याची चाल आहे. रूढीस नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. तथापि ऐन बहरातील झाड एका रात्रीच्या जाळासाठी पाडावे, हे मनास पटत नाही. वाळलेली लाकडे, गोवऱ्या यांनीही होळी तितकीच पेटते.

त्याहून मोठी होळी आम्ही घाटाच्या मध्यावर पाहिली. उतार काळा पडलेला होता. गवत जाळले की पुढील वर्षी चारा चांगला येतो, या समजुतीने लावलेला वणवा असावा, किंवा कोणाची विडी. फाल्गुन-चैत्रात रान असे कोरडे असते की ठिणगी पुरते. मोठी झाडे बहुधा तगतात. परंतु वीतभर उंचीची रोपे, रातव्याची जमिनीवरील अंडी आणि करवंदीची पांढऱ्या फुलांनी सुगंधित झालेली जाळी, यांना पळता येत नाही. धायटीची एक झुडूपवजा फांदी मात्र राखेच्या कडेला तांबड्या फुलांसह उभी होती.

माथा गाठला आणि हवाच पालटली. येथे रान सदाहरित. जांभूळ, हिरडा, आंबा यांची गर्द सावली. अंजनीच्या फांद्यांना निळ्या-जांभळ्या फुलांचे घोस खोडापर्यंत लगडले होते. एका जुन्या झाडाच्या दुबेळक्यात आमरीने पर्णहीन कांडीवर शुभ्र फुले धरली होती. वर शेकरूचे काटक्यांचे गोल घरटे. आणि थोड्या वेळाने तांबूस लांब शेपटीची धनीणही एका झेपेत आमच्या डोक्यावरून गेली. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी येथे आहे तो या सलग फांद्यांच्या बळावर. अभयारण्य झाले १९८५ साली. त्याच्या कितीतरी आधीपासून परिसरातील महादेव कोळी समाजाने आपल्या देवराया राखल्या. डॉ. माधव गाडगीळ व डॉ. वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम महाराष्ट्रातील अशा देवरायांचा अभ्यास करून त्यांचे मोल विद्वानांपुढे मांडले. कडक नेमाच्या देवराईत पडलेली वाळकी फांदीदेखील उचलीत नाहीत, ती देवाची. लाकूड जाळणारा सण आणि लाकडास हात न लावणारा नेम, दोन्ही एकाच श्रद्धेच्या घरचे!

दिवस कलताना आम्ही एस. टी. च्या गाडीत बसलो. ओंजळीतली फुले रुमालात बांधली होती. घरी येईतो रुमालाला केशरी डाग पडले. दोन धुण्यांत ते निघून गेले.