दंतसहायकांची कार्यशाळा: तयारी लसीपासून

सुरतेच्या उधना, लिंबायत, दिंडोली या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. पहिली पिढी यंत्रमागांवर राबली. पुढच्या पिढीला शहरातील दुकाने आणि दवाखाने खुले झाले. दातांच्या दवाखान्यात सहायक म्हणून लागणारी व्यक्ती बहुधा पाहून पाहूनच काम शिकते. गोव्यातही चित्र फारसे निराळे नाही. 1948 च्या दंतवैद्यक कायद्याने दंतवैद्यांबरोबर हायजिनिस्ट आणि मेकॅनिक यांच्या नोंदणीची सोय केली. सहायकाचा मात्र त्यात समावेश नव्हता. म्हणूनच प्रत्यक्ष हाताने काम करवून घेणाऱ्या एकदोन दिवसांच्या प्रशिक्षणाला महत्त्व येते.

अशा प्रशिक्षणाला जाताना वही, एप्रन, चष्मा यांची जुळवाजुळव आदल्या दिवशीही होते. हेपेटायटिस-बी लसीचे तसे नाही. पहिल्या मात्रेनंतर एका महिन्याने दुसरी आणि पहिलीपासून सहा महिन्यांनी तिसरी, असा तिचा क्रम आहे. तिसऱ्या मात्रेनंतर एक ते दोन महिन्यांनी रक्त तपासून प्रतिपिंडांचे प्रमाण 10 एककांपेक्षा कमी नाही ना, हे पाहावे लागते. डिसेंबरात प्रशिक्षण असेल, तर लसीकरणाचा आरंभ वसंत ऋतूतच व्हायला हवा. ही सावधगिरी अनाठायी नाही. 2009 साली गुजरातमधील मोडासा परिसरात या रोगाची साथ पसरली, तेव्हा वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्याचे प्रकरण देशभर गाजले आणि अनेकांचे प्राण गेले.

सुई टोचण्याचा धोका सर्वाधिक असतो तो टोपण परत बसवताना. टोपण ट्रेमध्ये आडवे ठेवून, एकाच हाताने सुई त्यात सरकवायची, ही रीत घरी टोपणासह बोथट काडी घेऊन गिरवता येते. प्रशिक्षकासमोर पहिल्यांदाच हे करणाऱ्याचा दुसरा हात सवयीने पुढे जातो. मुळात सवय मोडायची असते, आणि त्याला दोन दिवस अपुरे पडतात.

सरावासाठी काढलेले खरे दात आणायला सांगितले, तर ते निर्जंतुक असावेत. चांदीचे, म्हणजे पारामिश्रित भरण असलेला दात मात्र ऑटोक्लेव्हमध्ये घालू नये; उष्णतेने पाऱ्याची वाफ होते. असे दात 10 टक्के फॉर्मालिनमध्ये दोन आठवडे बुडवून ठेवतात. म्हणजे येथेही पंधरवड्याची आगाऊ तजवीज आलीच.

आपल्या दवाखान्यातील ऑटोक्लेव्हची नोंद सोबत न्यावी. 121 अंश सेल्सियस तापमान निदान 15 मिनिटे टिकते का, याची अनेकांना माहितीच नसते. झाकण बंद केले, वाफ आली, की काम झाले असे मानले जाते. पाकिटावरची रंग बदलणारी पट्टी उष्णता लागल्याचे सांगते, जंतू मेल्याचे नव्हे. ते ठरवण्यासाठी जिवाणूंच्या बीजाणूंची चाचणी असते. प्रशिक्षकाला विचारण्याजोगा पहिला प्रश्न हाच.

अल्जिनेटने दातांचे माप घेण्याचा सरावही आधी करावा. पाणी जितके गरम, तितके मिश्रण लवकर घट्ट होते. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याने कालवले, तर ट्रे तोंडात जाण्याआधीच त्याचा गोळा होतो. सुरत आणि पणजी येथे ही अडचण सारखीच. सुमारे 23 अंशांचे पाणी घ्यावे आणि भुकटीचा डबा दमट हवेत उघडा ठेवू नये.

शेवटी दातांचे क्रमांक. खालच्या डाव्या बाजूची पहिली दाढ आपल्याकडे 36 म्हणून लिहितात. पहिला आकडा जबड्याचा भाग सांगतो, दुसरा दाताचा क्रम. म्हणून त्याचा उच्चार ‘छत्तीस’ नव्हे, ‘तीन-सहा’. अमेरिकी पद्धतीत मात्र हीच दाढ 19 असते, आणि इंटरनेटवरील बऱ्याच चित्रफिती त्या पद्धतीच्या असतात. चित्रफिती पाहून तयारी करणाऱ्यांनी सुरुवातीलाच हा फरक ध्यानात घ्यावा.