संगणकाच्या ठोक्यांची रोजनिशी

संगणकाच्या किंवा मोबाइल फोनच्या माहितीपत्रकात प्रोसेसरचा वेग दिलेला असतो. समजा, तेथे २.४ गिगाहर्ट्झ असे लिहिले आहे. याचा अर्थ हा प्रोसेसर एका सेकंदात २४० कोटी ठोक्यांच्या तालावर काम करू शकतो. हा आकडा वाचून आपला असा समज होतो की, यंत्र सुरू केले की हे ठोके याच वेगाने, अखंड पडत राहतात. भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळाची टिकटिक जशी एकसारखी असते, तशीच.

वस्तुस्थिती मात्र तशी नाही. तुम्ही पडद्यावरचा मजकूर वाचत असता तेव्हा हा वेग ८० कोटींवर उतरलेला असू शकतो. तुम्ही पुढचे पान उघडले की तो क्षणात वर चढतो, आणि पान दिसू लागले की पुन्हा खाली येतो. एका सेकंदात असे चढउतार कित्येकदा होतात. ते आपल्याला दिसत नाहीत, ऐकू येत नाहीत. मग ते होतात हे कशावरून ठरवायचे? त्यांची मोजणी कशी करायची? आणि केलेल्या मोजणीवर विश्वास किती ठेवायचा? या लेखात आपण याच प्रश्नांचा विचार करू.

ठोके मुळात बदलायचे कशाला?

प्रोसेसरमध्ये कोट्यवधी सूक्ष्म ट्रान्झिस्टर असतात. प्रत्येक ट्रान्झिस्टर म्हणजे एक विजेचे बटन. हे बटन उघडताना आणि मिटताना त्याच्याशी जोडलेली अगदी लहान धारिता भारित होते आणि रिकामी होते. दर खेपेला खर्च होणारी ऊर्जा विद्युत दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. सेकंदाला ठोके जितके जास्त, तितक्या खेपा जास्त. म्हणून शक्तीचे सूत्र असे मांडता येते:

शक्ती = धारिता × (विद्युत दाब)² × वारंवारता

ही सारी शक्ती शेवटी उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. फोन गरम होतो तो यामुळेच. याशिवाय ट्रान्झिस्टर स्वस्थ असतानाही त्यांच्यातून थोडी वीज झिरपत असते. तो खर्च आपण तूर्त बाजूला ठेवू.

आता एक गंमत पाहा. समजा, फक्त वारंवारता निम्मी केली. शक्ती निम्मी होईल, पण तेवढेच काम संपायला वेळ दुप्पट लागेल. म्हणजे त्या कामासाठी लागलेली ऊर्जा तेवढीच राहिली! मग फायदा काय झाला? फायदा आहे तो सूत्रातील वर्गात. दाब कमी केला की ट्रान्झिस्टर मंद गतीने उघडझाप करतात. ठोके सावकाश पडत असतील तर ही मंद गतीही पुरते. म्हणून वारंवारता उतरवली की दाबही उतरवता येतो, आणि खरी बचत तेथे होते.

एक खरे उदाहरण घेऊ. इंटेल कंपनीने जानेवारी २००० मध्ये मांडीवरच्या संगणकांसाठी ‘स्पीडस्टेप’ नावाची सोय आणली. त्यातील पेंटियम ३ जातीचा एक प्रोसेसर घरच्या विजेवर ६५० मेगाहर्ट्झ आणि १.६ व्होल्टवर चाले. बॅटरीवर तो ५०० मेगाहर्ट्झ आणि १.३५ व्होल्टवर येई. सूत्रात आकडे घालून पाहा. वेग सुमारे ७७ टक्क्यांवर आला, पण शक्ती सुमारे ५५ टक्क्यांवर आली. तेच काम पुरे करण्यासाठी लागणारी ऊर्जा ७१ टक्के झाली. थोडी वाट पाहण्याच्या मोबदल्यात हा सौदा वाईट नाही.

बदल करताना क्रम मात्र सांभाळावा लागतो. वेग वाढवायचा असेल तर आधी दाब वाढवतात, मग ठोके. वेग कमी करायचा असेल तर आधी ठोके कमी करतात, मग दाब. हा क्रम उलटा झाला तर काय होईल? ठोके भराभर पडत आहेत आणि ट्रान्झिस्टर मंद आहेत, अशी स्थिती येईल आणि हिशेब चुकेल.

गव्हर्नरचे काम

वेग केव्हा चढवायचा हे कोण ठरवते? ऑपरेटिंग सिस्टिमच्या अगदी आतल्या भागाला ‘कर्नेल’ म्हणतात. कोणत्या प्रोग्रॅमला प्रोसेसर किती वेळ द्यायचा, हे कर्नेल ठरवतो. कामाचा बोजा त्यालाच ठाऊक असल्यामुळे वेगाचा निर्णयही सहसा तोच घेतो. लायनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ मध्ये सुरू केलेला लिनक्स कर्नेल सर्वांना वाचण्यासाठी खुला आहे, आणि अँड्रॉइड फोनमध्येही तोच असतो. म्हणून आपण त्याचेच उदाहरण घेऊ.

लिनक्समधील वेग ठरवणाऱ्या भागाला ‘गव्हर्नर’ असे नाव आहे. वाफेच्या इंजिनाचा वेग ताब्यात ठेवण्यासाठी जेम्स वॅटने १७८८ मध्ये दोन फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर बसवला होता, हे तुम्ही वाचले असेल. येथे गोळे नाहीत, गणित आहे. ‘परफॉर्मन्स’ नावाचा गव्हर्नर नेहमी मोठ्यात मोठा वेग मागतो. ‘पॉवरसेव्ह’ लहानात लहान. २०१६ मध्ये लिनक्समध्ये आलेला ‘शेडयुटिल’ हा गव्हर्नर मात्र बोजा पाहून वेग ठरवतो. पूर्ण वेगाने चालला असता तर प्रोसेसर किती टक्के वेळ कामात गुंतला असता, हे तो पाहतो. त्यात चौथा हिस्सा मिळवतो आणि तेवढा वेग मागतो. समजा, बोजा ६० टक्के आहे आणि सर्वांत मोठा वेग २४०० मेगाहर्ट्झ आहे. ६० चे सव्वापट ७५, आणि २४०० चे ७५ टक्के म्हणजे १८००. म्हणून मागणी जाते १८०० मेगाहर्ट्झची. जादा चौथा हिस्सा कशासाठी? काम अचानक वाढले तर थोडी मोकळी जागा हाताशी असावी म्हणून.

डोकावणे आणि नोंद ठेवणे

हे बदल पाहण्याची सोपी रीत म्हणजे दर सेकंदाला डोकावून ‘आता वेग किती?’ असे विचारणे. या रीतीत दोन दोष आहेत. पहिला, दोन डोकावण्यांच्या मध्ये जे घडते ते निसटते. दुसरा दोष तुम्हाला भौतिकशास्त्रामुळे परिचयाचा आहे. चमचाभर गरम पाण्यात थंड तापमापी बुडवली की पाण्याचेच तापमान उतरते. तसेच, विचारणारा प्रोग्रॅम हेही एक कामच आहे. ते करण्यासाठी झोपलेला प्रोसेसर जागा होतो, आणि ज्याचा वेग मोजायचा त्याचाच वेग बदलू शकतो.

म्हणून दुसरी रीत. वेग बदलण्याचे काम कर्नेलच्या ज्या ठिकाणी होते, तेथेच एक नोंदकारकून बसवून ठेवायचा. बदल झाला की त्याने वेळ, नवा वेग आणि प्रोसेसर-क्रमांक लिहायचा. बदल झाला नाही तर स्वस्थ बसायचे. कर्नेलमधील अशा जागेला ‘ट्रेसपॉइंट’ म्हणतात. स्टीव्हन रॉस्टेड यांनी तयार केलेली ‘एफट्रेस’ ही नोंदव्यवस्था २००८ मध्ये लिनक्समध्ये आली. हे कारकून तिच्या हाताखाली काम करतात.

कारकुनाचा खर्च किती? नोंद बंद असताना त्या जागी ‘काही करू नको’ असा अर्थ असलेली एक आज्ञा असते. तिला लागणारा वेळ नगण्य असतो. नोंद सुरू केली की चालत्या कर्नेलमधील तेवढीच आज्ञा बदलून ‘नोंद करणाऱ्या भागाकडे जा’ अशी केली जाते. नोंद पडद्यावर छापत बसले तर फार वेळ जाईल, म्हणून ती स्मृतीत लिहितात. ही स्मृती विहिरीवरच्या रहाटगाडग्यासारखी गोल असते. सगळी गाडगी भरली की पुन्हा पहिल्याची पाळी येते. जुनी नोंद जाते आणि तिच्या जागी नवी बसते. प्रत्येक प्रोसेसरचा रहाट वेगळा असल्यामुळे एकाला दुसऱ्यासाठी थांबावे लागत नाही.

रोजनिशी वाचायची कशी?

समजा, एका प्रोसेसरच्या नोंदी अशा मिळाल्या. खऱ्या नोंदीत वेळ सेकंदाच्या दशलक्षांश भागापर्यंत आणि वेग किलोहर्ट्झमध्ये असतो. आपण सोपे आकडे घेऊ.

१०.००० सेकंद: ८०० मेगाहर्ट्झ
१०.००४ सेकंद: २४०० मेगाहर्ट्झ
१०.०२४ सेकंद: १२०० मेगाहर्ट्झ
१०.०४० सेकंद: ८०० मेगाहर्ट्झ

पहिल्या ४० मिलिसेकंदांतील सरासरी वेग किती? ८००, २४०० आणि १२०० यांची बेरीज करून तिनाने भागले तर सुमारे १४६७ येतात. पण हे उत्तर चूक आहे, कारण प्रत्येक वेग सारखा वेळ टिकलेला नाही. आलेखाच्या कागदावर आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर वारंवारता घ्या. जिन्याच्या पायऱ्यांसारखा आलेख मिळेल. वेग-काल आलेखाखालचे क्षेत्रफळ म्हणजे कापलेले अंतर, हे तुम्ही शिकला आहात. येथे ते क्षेत्रफळ म्हणजे पडलेले ठोके. ८०० मेगाहर्ट्झने ४ मिलिसेकंदांत ३२ लाख, २४०० ने २० मिलिसेकंदांत ४८० लाख, १२०० ने १६ मिलिसेकंदांत १९२ लाख. एकूण ७०४ लाख. याला ४० मिलिसेकंदांनी भागले की सरासरी १७६० मेगाहर्ट्झ येते.

दर ४० मिलिसेकंदांनी नुसते डोकावलो असतो, तर दोन्ही वेळा ८०० हाच आकडा दिसला असता, आणि मधली सारी धावपळ आपल्या नकळत होऊन गेली असती.

वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. काम नसले की प्रोसेसर झोपतो आणि त्याचे ठोके थांबतात, पण वारंवारतेच्या नोंदीत झोपेचा उल्लेख नसतो. झोपेसाठी वेगळा ट्रेसपॉइंट आहे. खरे ठोके मोजायचे तर दोन्ही नोंदी शेजारी ठेवाव्या लागतात. दुसरे असे की, फोनमध्ये अनेकदा प्रोसेसरांचा एक गट मिळून एकच वेग वापरतो. त्यामुळे एकाच क्षणाच्या तीन-चार सारख्या ओळी दिसल्या तर गोंधळून जाऊ नका.

हुकूम आणि वस्तुस्थिती

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. समजा, तुम्ही मूळ संख्या शोधणारा प्रोग्रॅम लिहिला. पहिल्या खेपेला त्याला २० सेकंद लागले आणि लगेच पुन्हा चालवल्यावर ३० सेकंद लागले. रोजनिशी पाहिली तर दोन्ही वेळा २४०० मेगाहर्ट्झ लिहिलेले! मग दोष प्रोग्रॅमचा समजायचा काय?

घाई करू नका. कारकुनाने जे लिहिले आहे ते कर्नेलने मागितलेल्या वेगावरून. आगगाडीच्या वेळापत्रकावरून गाडी केव्हा यायला हवी ते कळते. केव्हा आली ते फलाटावर उभे राहिल्यावरच कळते. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवण्यासाठी तो आपला वेग आपणच उतरवतो, आणि ही गोष्ट रोजनिशीत येईलच असे नाही. शिवाय इंटेलच्या २०१५ मधील स्कायलेक जातीच्या प्रोसेसरांपासून वेग निवडण्याचे काम बऱ्याच प्रमाणात प्रोसेसरवरच सोपवता येते. कर्नेल फक्त मर्यादा आणि कल सांगतो. अशा यंत्रावर या रोजनिशीची पाने जवळजवळ कोरीही दिसतील, पण त्यावरून वेग स्थिर होता असे म्हणता येणार नाही.

मग खरा वेग कळावा कसा? इंटेल व एएमडीच्या आधुनिक प्रोसेसरांत यासाठी दोन मोजणीयंत्रे असतात. एक ठरलेल्या स्थिर दराने पुढे जाते. दुसरे प्रत्यक्ष पडणाऱ्या ठोक्यांप्रमाणे. प्रोसेसर झोपला की दोन्ही थांबतात. समजा, स्थिर दर २००० मेगाहर्ट्झ आहे आणि काही काळात पहिले २०० लाखांनी, तर दुसरे १६० लाखांनी पुढे गेले. गुणोत्तर ०.८, म्हणून जागेपणीचा खरा सरासरी वेग १६०० मेगाहर्ट्झ. मागणी २४०० ची आणि मिळाले १६००! २० सेकंदांचे काम ३० सेकंदांवर जाण्याचे कारण आता सापडले. प्रोग्रॅम निर्दोष होता.

म्हणून रोजनिशी निरुपयोगी ठरते काय? मुळीच नाही. कर्नेलने काय ठरवले आणि केव्हा ठरवले, हे तीच सांगते. प्रत्यक्षात काय घडले हे मोजणीयंत्रे सांगतात, पण ती फक्त सरासरी देतात, क्षण सांगत नाहीत. दोन्ही शेजारी ठेवल्या तरच दोष गव्हर्नरच्या गणिताचा की उष्णतेचा, हे ठरवता येते.

करून पाहा

शाळेत लिनक्स असलेला संगणक असेल तर ‘प्रॉक’ निर्देशिकेतील ‘सीपीयूइन्फो’ ही फाइल उघडा. बहुतेक टेबलावरच्या संगणकांत तेथे प्रत्येक प्रोसेसरपुढे मेगाहर्ट्झचा आकडा दिसतो. यंत्र स्वस्थ असताना आणि एखादा मोठा प्रोग्रॅम चालू असताना तो अनेकदा वाचा. शिक्षकांजवळ व्यवस्थापकाचे अधिकार असल्यास त्यांच्या मदतीने एफट्रेसच्या ‘पॉवर’ गटातील वारंवारतेची नोंद अर्धा मिनिट सुरू करा, मग बंद करा आणि एका प्रोसेसरच्या दहा-बारा नोंदींचा पायऱ्यांचा आलेख काढा.

संगणक नसला तरी हे उदाहरण सोडवा. एक प्रोसेसर ३० मिलिसेकंद १००० मेगाहर्ट्झने आणि पुढे १० मिलिसेकंद ३००० मेगाहर्ट्झने चालला. सरासरी वेग किती? उत्तर १५०० मेगाहर्ट्झ आले पाहिजे. २००० आले असेल, तर आलेख काढून क्षेत्रफळ पुन्हा मोजा.