दाढ माझी, दूध बाळाचं

उत्तरायणाच्या दिवशी सगळं घर गच्चीवर पतंगात दंग होतं आणि मी पाण्याच्या टाकीला टेकून गाल धरून बसले होते. तिळाची चिक्की चावली आणि डाव्या अक्कलदाढेतून कळ थेट कानात गेली. ही दाढ बाळंतपणाच्या आधीपासूनच कुरकुरत होती. तेव्हा "आधी बाळंतपण होऊ दे, मग बघू" असं म्हणून विषय मागे टाकला होता. आता लेक पाच महिन्यांची झाली होती आणि दाढ काही थांबायला तयार नव्हती.

एक्स-रे काढला. दाढ आडवी, अर्धी हाडात रुतलेली. हिरडी कापून, दाढेचे तुकडे करून काढावी लागणार होती. मला इंजेक्शनचीसुद्धा भीती वाटते, त्यामुळे नुसती जागेवरची भूल न देता शिरेतून थोडं गुंगीचं औषधही द्यायचं ठरलं. सगळं बोलून झालं आणि उठता उठता मी विचारलं, "बाळ अंगावर पितंय, चालेल ना?"

दातांचे डॉक्टर जरा थांबले. मग म्हणाले, "असं करा, दोन दिवस पाजू नका. दूध काढून टाकून द्या. उगीच रिस्क कशाला?"

दोन दिवस! त्यांना ते किरकोळ वाटलं असेल. मी मात्र रिक्षात बसल्या बसल्या हिशेब करत होते. लेक दिवसरात्र मिळून आठ-नऊ वेळा पिते. वरचं दूध तिने कधी चाखलेलं नाही. नवरा त्याच संध्याकाळी पावडरचा डबा आणि बाटली घेऊन आला. तिने बुच जिभेने बाहेर ढकललं आणि अर्धा तास रडून घर डोक्यावर घेतलं. सासूबाईंनी कपाटातून चांदीचं बोंडलं काढलं, घासूनपुसून उकळलं. त्यातलंही निम्मं दूध टकुच्यावर आणि निम्मं दुपट्यावर. शिवाय दुसऱ्या महिन्यात एकदा दूध साकळून माझ्या छातीत गाठ झाली होती, थंडी वाजून ताप आला होता. दोन दिवस नुसतं पंपावर काढायचं म्हटलं की तीच आठवण येत होती.

मग मी बहुतेक आया करतात तेच केलं. दाढ पुढे ढकलली. एकदा नाही, दोनदा. तीन आठवडे लवंगेचं तेल आणि पॅरासिटामॉलवर काढले. तिसऱ्या आठवड्यात गाल सुजला, तोंड नीट उघडेना. जेवण म्हणजे मऊ भात आणि वरणाचं पाणी. पाजणारी बाई अशी उपाशी राहिली तर कसं व्हायचं, म्हणून घरात सगळेच काळजीत.

त्या रात्री सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "तुला एक सांगते, कधी कुणाला सांगितलं नाही." माझा नवरा तीन महिन्यांचा असताना त्यांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं. तेव्हा त्यांना आठवडाभर पाजू नका असं सांगितलं होतं. आठवड्यानंतर पान्हा फुटेचना. "डब्याच्या दुधावर वाढवला त्याला. वाढला छान, तक्रार नाही. पण मला वर्षभर वाटत राहिलं की माझंच काहीतरी चुकलं." आणि पुढे लगेच, "तरी मी म्हणते, दोन दिवस बंद कर. औषध दुधात उतरतंच. बाळाच्या जिवापेक्षा काय मोठं?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. औषध दुधात उतरतं. प्रश्न एवढाच होता, की किती?

हा प्रश्न ज्यांना विचारायला हवा होता, त्यांच्यापर्यंत मी पोचलेच नव्हते. गुंगी देणार होते भूलतज्ज्ञ, आणि मी विचारत होते दातांच्या डॉक्टरांना. दुसऱ्या दिवशी फोन करून भूलतज्ज्ञांची वेळ मागून घेतली. सासूबाईही सोबत आल्या.

भूलतज्ज्ञ बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि कागदावर दोनच नावं लिहिली. मिडाझोलाम आणि अगदी थोडं फेंटानिल. शिवाय हिरडीत लिग्नोकेन. मग समजावून सांगितलं. आईच्या रक्तात जे असतं त्यातलं थोडंसं दुधात जातं. पण दूध म्हणजे बंद डबा नव्हे. रक्तातलं औषध कमी झालं की दुधातलंही परत रक्तात जातं आणि कमी होतं. त्यामुळे दूध पिळून टाकल्याने औषध लवकर निघून जात नाही. टाकलं जातं ते फक्त दूध. आणि बाळाच्या पोटात जो अंश जातो, त्यातलाही थोडाच त्याच्या रक्तापर्यंत पोचतो.

२००६ साली काही आयांच्या दुधात हीच औषधं मोजून पाहिलेली आहेत, असं त्यांनी सांगितलं. आईला दिलेल्या औषधाचा हजारावा भागसुद्धा चोवीस तासांच्या दुधात सापडला नव्हता. म्हणूनच अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये आणि ब्रिटनमधल्या संघटनेने २०२० मध्ये स्पष्ट सांगितलं, की दूध काढून फेकायची गरज नाही. आई नीट जागी झाली, शुद्धीवर आली, बाळाला धरू शकली की पाजायला हरकत नाही.

सासूबाईंनी विचारलं, "मग मला का सांगितलं होतं आठवडाभर?"

डॉक्टर म्हणाल्या, "आजी, तेव्हा या औषधांचं दुधातलं प्रमाण फारसं कुणी मोजलेलं नव्हतं. माहीत नसलं की डॉक्टर बंदच करायला सांगायचे. तुमचं काही चुकलं नाही." सासूबाई काही बोलल्या नाहीत. पदराने चष्मा पुसत राहिल्या.

निघताना डॉक्टरांनी दोन गोष्टी मात्र बजावून सांगितल्या, आणि त्या दोन्ही माझ्या डोक्यात कधीच आल्या नव्हत्या.

पहिली गोष्ट म्हणजे नंतरच्या वेदनांच्या गोळ्या. दातांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ट्रामाडॉल असलेली गोळी होती. ती त्यांनी खोडली. ट्रामाडॉल आणि कोडीन ही औषधं काही जणींच्या शरीरात फार वेगाने बदलतात, दुधातून बाळाला जास्त प्रमाणात पोचू शकतात आणि बाळाला गुंगी येते, श्वास मंदावू शकतो. २०१७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पाजणाऱ्या आयांनी ती घेऊ नयेत असा इशारा दिला. त्याऐवजी पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन लिहून दिल्या. म्हणजे मी घाबरत होते एका दिवसाच्या गुंगीला, आणि खरी काळजी करण्यासारखी होती ती नंतर पाच दिवस घ्यायची गोळी!

दुसरी गोष्ट म्हणजे रात्र. गुंगीच्या औषधानंतर चोवीस तास आईची झोप नेहमीसारखी सावध नसते. एरवी बाळ कुशीत असलं तर झोपेतही आपल्याला त्याची हालचाल कळते. त्या रात्री ती कळेलच असं नाही. म्हणून बाळाला कुशीत घेऊन झोपायचं नाही, खुर्चीत किंवा सोफ्यावर पाजता पाजता डोळा लागू द्यायचा नाही, आणि घरात दुसरं जाणतं माणूस हवंच. डॉक्टर म्हणाल्या, "दुधाची काळजी सोडा, झोपेची करा."

ऑपरेशनला सकाळची पहिली वेळ घेतली. रात्रीपासून खाणं बंद, पाणी दोन तास आधीपर्यंत चाललं. निघण्यापूर्वी, आठ वाजता, लेकीला पोटभर पाजलं. साडेआठला आत गेले. काय झालं ते धूसर आठवतं. कुणीतरी "तोंड उघडा" म्हणत होतं आणि मी बहुधा गुजरातीत उत्तर देत होते. दहाच्या सुमारास पूर्ण जागी झाले. नाव, वार सांगितलं, उठून चालून दाखवलं. साडेअकराला घरी, तोंडात कापूस, ओठ बधिर आणि कुशीत लेक. सासूबाई शेजारी बसून तिच्या पाठीखाली हात धरून होत्या. लेकीची एकही वेळ चुकली नाही. दूध पिऊन ती तिच्या नेहमीच्या वेळी झोपली, नेहमीच्या वेळी उठली.

रात्री पाळणा सासूबाईंच्या खोलीत गेला. बाळ उठलं की त्या मला हाक मारायच्या, पाजून होईपर्यंत समोर बसायच्या आणि उचलून परत न्यायच्या. पहाटे तीनला मी म्हटलं, "आई, तुम्ही झोपा आता." त्या म्हणाल्या, "झोपते गं. आजची रात्र माझी आहे."

माझ्यासारखी वेळ आपल्यापैकी कुणावरही येईल. दाढ, गळू, एंडोस्कोपी, गाठीची तपासणी, काहीही. तेव्हा एवढं लक्षात ठेवा. पहिल्याच भेटीत सांगा की तुम्ही बाळाला पाजता, आणि भूलतज्ज्ञांना स्वतः भेटा. औषधांची नावं कागदावर लिहून घ्या, नंतरच्या गोळ्यांचीही. सकाळची वेळ मागा, जाण्याआधी पाजा. मनाला धीर हवा असेल तर एक-दोन वेळचं दूध आधी काढून ठेवा. फ्रिजमध्ये ते चार दिवस टिकतं. मात्र बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, नुकतंच जन्मलेलं असेल किंवा त्याला श्वासाचा काही त्रास असेल, तर बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय काही ठरवू नका. पाजल्यावर बाळ नेहमीपेक्षा सुस्त वाटलं, उठवूनही नीट पीत नसलं, तर थांबू नका, दवाखाना गाठा.

आणि घरात कुणी "दोन दिवस बंद कर" म्हणालं, तर त्यांच्यावर चिडू नका. त्यांना डॉक्टरांकडे सोबत घेऊन जा. आमच्याकडे ते बोंडलं पुन्हा कपाटात गेलं आहे. पुढच्या महिन्यात लेकीचं उष्टावण झालं की त्यातून वरणाचं पाणी पाजायचं, असं सासूबाईंनी ठरवून टाकलंय.