आटे शाबूत, तरी बोल्ट फिरतोच

एन्ड्युरो किंवा मोटोक्रॉसच्या बाइकला बहुधा प्लास्टिकची टाकी असते. केटीएम, हस्कवार्ना गाडीबरोबरच तशी देतात. लांब पल्ला मारणाऱ्यांसाठी इटलीची अ‍ॅसर्बिस त्याहून मोठ्या टाक्या बनवते. गाडी आडवी झाली तरी पोचा येत नाही आणि गंजायचा तर प्रश्नच नाही. पण पेट्रोल कॉक काढायला बसावं, तर कधीकधी भलताच पेच पडतो. पाना फिरतो, बोल्ट फिरतो, बाहेर मात्र येत नाही. आटे गेले म्हणावं, तर ते शाबूत असतात. फिरत असते ती बोल्टभोवतीची पितळी बुश, म्हणजे आतून आटे पाडलेली, प्लास्टिकात रुतवलेली बोटाच्या पेराएवढी नळी.

ही बुश तिथे बसवतात कशी, हे कळलं की थक्क व्हायला होतं, कारण तिला कुणी चिकटवलेलंच नसतं. अशा बऱ्याच टाक्या फिरत्या साच्यात घडतात. साच्याच्या आतल्या अंगाला बुश बोल्टने धरून ठेवायची, पॉलिथिलीनची भुकटी भरायची आणि साचा भट्टीत दोन अक्षांवर फिरवत राहायचा. तापलेल्या भिंतींवर आणि पितळेवर भुकटी वितळून थर चढतो. मग थंड होताना प्लास्टिक साधारण २ ते ३ टक्के आकसतं. पितळ तेवढ्याच काळात त्याहून कितीतरी कमी. बैलगाडीच्या चाकावर तापवलेली लोखंडी धाव चढवतात आणि ती निवताना चाक आवळते, तोच हा न्याय. फक्त इथे आवळणारं प्लास्टिक असतं.

बुश हातात घेऊन पाहा. बाहेरून नर्लिंगचे, म्हणजे पकडीसाठी पाडलेले दाते दिसतील. उभे दाते तिला फिरू देत नाहीत, कमरेभोवतीची खाच उपसू देत नाही. मग ती का सुटते? प्लास्टिक सततच्या दाबाखाली अगदी सावकाश सरकतं, आवळ सैल होत जाते. त्यात इंजिनाची थरथर आणि कॉक गळू नये म्हणून हात भरून पिळणारा एखादा उत्साही मेकॅनिक. दात्यांमधलं प्लास्टिक खरवडून निघालं, की बुश गरागरा फिरायला मोकळी.

पहिलं काम बोल्ट सोडवण्याचं. कॉकच्या पट्टीखाली पातळ पेचकस सरकवून ती हलकेच बाहेर रेटायची आणि तसाच ताण ठेवून बोल्ट फिरवायचा. बाहेरच्या ओढीने उरलेसुरले दाते पुन्हा रुततात आणि बहुतेकदा बोल्ट सुटतो.

आता कुणीही इपॉक्सीची ट्यूब शोधेल. इथेच रसायनशास्त्र आडवं येतं. पॉलिथिलीन म्हणजे निव्वळ कार्बन आणि हायड्रोजनची लांबलचक साखळी. १९३३ साली इंग्लंडमध्ये, विनिंग्टनच्या आयसीआय प्रयोगशाळेत फॉसेट आणि गिब्सन यांना प्रचंड दाबाच्या प्रयोगानंतर भांड्यात मेणासारखा पांढरा पदार्थ सापडला, तेच हे. त्याच्या पृष्ठभागावर गोंदाला धरायला काहीच नसतं. इपॉक्सी कडक होतो आणि नखाने सालीसारखा निघून येतो.

पेट्रोलही कार्बन-हायड्रोजनचंच, फक्त साखळ्या आखूड. दोन्ही एकाच कुळातली, म्हणून पेट्रोल टाकीच्या भिंतीत थोडं मुरतं आणि टाकी रिकामी केल्यावर वाफ होऊन हळूहळू बाहेर येत राहतं. शून्याखाली ४० अंशांवरही पेट्रोलची वाफ पेट घेऊ शकते. हवेत ती दीड ते साडेसात टक्के असली की ठिणगीच पुरे. म्हणून भरलेल्या टाकीपेक्षा नुकती रिकामी केलेली जास्त घातक. सोल्डरिंग आयर्नने बुश तापवून पुन्हा रुतवायचा मोह टाळावा तो याचसाठी. शिवाय काही टाक्यांचं पॉलिथिलीन क्रॉस-लिंक केलेलं असतं. त्याच्या साखळ्या एकमेकींना बांधलेल्या असल्यामुळे ते तापून मऊ होतं, पण वितळून वाहत नाही.

तेव्हा चिकटवायचं नाही, अडकवायचं. टाकी रिकामी करून साबणाच्या पाण्याने धुवा आणि उघड्यावर भरपूर वारा लागू द्या. बुश ओढून काढा. तिच्या अंगावर कानशीने तीन-चार उभ्या खाचा आणि कमरेला एक आडवी खाच पाडा. भोकाच्या भिंतीतही धारदार सुरीने तशाच खाचा कोरा, आत जरा रुंद होत जाणाऱ्या. तळ मात्र जपा. तो फुटला तर पेट्रोल थेट बोल्टपाशी येईल. आता पेट्रोलला टिकणारा इपॉक्सी भरा. आटे बुजू नयेत म्हणून ग्रीस लावलेला बोल्ट आत ठेवा आणि बुश सरळ बसवा. वाळल्यावर दोन्हीकडच्या खाचांत इपॉक्सीच्या कठीण पाचरी तयार होतात. त्या प्लास्टिकला चिकटल्या नाहीत तरी बिघडत नाही. फिरायचं तर त्यांना आधी प्लास्टिक कापावं लागेल.

कॉक परत बसवताना त्याची पट्टी बुशच्या तोंडावर टेकते ना, ते पाहा. पट्टीचं भोक बुशपेक्षा मोठं असेल, तर बोल्ट आवळताना बुश त्या भोकातून वर ओढली जाते. तसं असेल तर पट्टीखाली वॉशर घाला. गळती थांबवणं हे कॉकच्या रबरी सीलचं काम. बोल्ट सील बसेल इतकाच आवळा.