कुंभार, जैतुनाचे झाड आणि कोकणातले बेने इस्राएल

ख्रिस्ती धर्मविचारात ‘निवड’ म्हणजे माणसाचे गुण वा कर्म न पाहता देवाने केवळ स्वतःच्या कृपेने कोणाला तरी आपले म्हणून घेणे; तिच्या मुळाशी देवाचे सार्वभौमत्व, म्हणजे सृष्टीवर आणि इतिहासावर अखेरची सत्ता त्याचीच, हा विश्वास आहे. ही शिकवण बहुधा एकेका व्यक्तीच्या तारणाचा, म्हणजे पापातून सुटकेचा, प्रश्न म्हणून मांडली जाते. परंतु नव्या करारात ती सर्वांत विस्ताराने येते त्या रोमकरांस पत्राच्या नवव्या ते अकराव्या अध्यायांत पौलापुढचा प्रश्न वेगळा आहे. इसवी सन 57 च्या सुमारास हे पत्र लिहिणारा पौल स्वतः यहूदी, बन्यामीन वंशातला. ज्या लोकांना देवाने वचने दिली त्यांच्यातल्याच बहुतेकांनी येशूला मसीहा, म्हणजे देवाचा अभिषिक्त, मानले नाही, तर मग वचनच फोल ठरले काय, याचा उलगडा त्याला करायचा आहे.

नवव्या अध्यायात तो याकोब आणि एसाव या जुळ्या भावांचा दाखला देतो: दोघांनी बरेवाईट काहीच केलेले नसताना, जन्माआधीच, धाकट्याची निवड झाली. हा अन्याय नव्हे काय, ही शंका येणारच, आणि तिला उत्तर म्हणून कुंभार येतो, ज्याला एकाच गोळ्यातून हवे ते भांडे घडविण्याचा अधिकार आहे. धाराशिव जिल्ह्यात, तेरणेकाठच्या तेर या संत गोरोबाकाका कुंभारांच्या गावी, कुंभाराचे काम कोणाला समजावून सांगावे लागत नाही. तरी पौलाचा रोख निराळा आहे, हेही तिथेच नीट ध्यानात येते. गोरोबांच्या प्रसिद्ध कथेतले थापटणे घडून झालेल्या मडक्याची पारख करते, तशीच संतांचीही, आणि तीत कच्चे ठरलेले नामदेव पुढे विसोबा खेचरांना गुरू करून पक्के होतात. पौलाचा कुंभार पारख करीत नाही, तो ठरवतो. मात्र त्याच्या आधी यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथात आलेला कुंभार बिघडलेल्या भांड्याच्या मातीचेच दुसरे भांडे घडवतो, आणि राष्ट्र दुष्टपणापासून वळले तर देवही आपला बेत फिरवतो, असे तिथे सांगितलेले आहे. नववा अध्याय सुटा वाचणाऱ्यांच्या नजरेतून हे बहुधा निसटते.

अकराव्या अध्यायात पौल जैतुनाच्या झाडाकडे वळतो. मूळ झाडाच्या काही फांद्या तोडल्या गेल्या आणि त्यांच्या जागी रानटी जैतुनाच्या, म्हणजे यहूदी नसलेल्या परराष्ट्रीयांच्या, फांद्यांचे कलम झाले. पण कलमाने ताठा मिरवू नये, कारण तोडलेली फांदी पुन्हा लावता येते आणि देवाचे पाचारण मागे घेतले जात नाही. ऑगस्टीनने, कॅल्विनने आणि 1618-19 च्या डॉर्ट येथील धर्मसभेने व्यक्तीच्या पूर्वनियोजनाचा, म्हणजे कोण तरणार हे देवाने आधीच ठरवल्याचा, सिद्धांत मांडताना या अध्यायांचा आधार घेतला, आर्मिनियसच्या अनुयायांनी त्याला विरोध केला, आणि त्या वादात इस्राएल केवळ उदाहरणापुरते उरले. चर्चनेच इस्राएलची जागा घेतली हे मत तर दुसऱ्या शतकातल्या जस्टिनपासून चालत आले होते, आणि युरोपात यहूद्यांच्या छळाला त्याने बळ दिले. यहूदी देवाने टाकलेले किंवा शापित आहेत असे मांडू नये, हे रोमन कॅथलिक चर्चने 28 ऑक्टोबर 1965 च्या ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रात सांगितले, तेही रोमकरांस पत्राचाच आधार घेऊन.

महाराष्ट्रात हा विषय पोथीपुरता राहिला नाही. 1813 मध्ये मुंबईत आलेले अमेरिकन मिशनरी आणि 1829 मध्ये आलेले स्कॉटलंडचे जॉन विल्सन, हे सारे कॅल्विनच्या परंपरेतले. त्यांची गाठ कोकणातल्या बेने इस्राएल या यहूदी समाजाशी पडली: शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनिवार तेली, घरात मराठी, आणि आडनावे दिवेकर, पेणकर, केहीमकर अशी गावांवरून पडलेली. सुंता, शब्बाथ आणि ‘शेमा’ ही प्रार्थना त्यांनी टिकवली होती, पण हिब्रू ग्रंथांशी संबंध फारसा उरला नव्हता. मिशनने शाळा काढल्या, जुना करार मराठीत आणला, आणि विल्सन यांनी 1832 मध्ये हिब्रूचे व्याकरणही मराठीतून छापले. धर्मांतराची अपेक्षा उघड होती, घडले ते उलटेच. बाप्तिस्मा अगदी थोड्यांनी घेतला; बाकीच्यांना याच शिक्षणातून आपल्या पूर्वजांचा इतिहास नव्याने हाती आला, आणि 1880 च्या सुमारास तर जुन्या करारातल्या कथांवर बेने इस्राएलांची मराठी कीर्तने होऊ लागली. मिशनच्या हिशेबात हे अपयश होते. पौलाच्या अकराव्या अध्यायाशी मात्र त्याचे काही भांडण नाही.

इस्राएल नेमके कोण, हा पौलाने मांडलेला प्रश्न बेने इस्राएलांना पुढे ख्रिस्ती पंडितांकडून नव्हे, तर रब्बींकडून, म्हणजे यहूदी धर्मगुरूंकडून, ऐकावा लागला. 1948 नंतर त्यांच्यातले बहुसंख्य इस्राएल देशात गेले, तेव्हा त्यांच्या विवाहांबाबत तेथील धर्मपीठाने शंका काढल्या. निदर्शने झाली, आणि बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहूदीच आहेत, अशी भूमिका तेथील सरकारने 1964 मध्ये जाहीर केली.