खनिजाच्या रुळांवरून अराकूला

विशाखापट्टणमच्या सहलीचा साचा ठरून गेला आहे. एक दिवस समुद्राचा: रामकृष्ण बीच, वाळूत आणून ठेवलेली ‘कुरसुरा’ पाणबुडी, कैलासगिरी. दुसरा दिवस अराकूच्या थंड हवेचा. दोन्ही दिवस मजेत जातात, पण दोन्ही ठिकाणे सुटी सुटी पाहिल्याने दोन्हींतला अर्थ निसटतो. विशाखापट्टणमचे बंदर मुळात डोंगरापलीकडचा माल बाहेर काढण्यासाठी झाले आणि आपण ज्या रुळांवरून अराकूला जातो तेही खनिजासाठी टाकलेले. पर्यटक तिथे फार उशिरा आला.

डॉल्फिन्स नोज हा समुद्रात घुसलेला डोंगर वाऱ्या-लाटांना आडवा येतो, त्याच्या आडोशाला दलदलीची खाडी होती. ती उपसून बंगाल नागपूर रेल्वेने इथे बंदर बांधले, कारण मध्य प्रांतातील मँगनीजला पूर्व किनाऱ्यावर जवळची वाट हवी होती. तेव्हाच्या मध्य प्रांतात नागपूर, भंडारा हेही आले, म्हणजे बंदराचा विदर्भाशी जुना संबंध आहे. 1933 मध्ये बंदर सुरू झाले. पुढे सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्या सिंधिया कंपनीने इथेच जहाजबांधणीचा कारखाना काढला. 1941 मध्ये राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पायाभरणी झाली, वर्षभरात शहरावर जपानी बॉम्ब पडले, तरी 14 मार्च 1948 रोजी ‘जलउषा’ पाण्यात उतरली. मराठी पर्यटकांच्या कार्यक्रमात या कारखान्याचा साधा उल्लेखही नसतो, हे जरा नवलच.

ज्या जपानने बॉम्ब टाकले, त्याच जपानला बस्तरमधील बैलाडिलाचे लोहखनिज हवे होते. म्हणून 1960 च्या दशकात कोत्तवलसा ते किरंदुल हा मार्ग पूर्वघाट फोडून काढला गेला. त्यावर पन्नासहून अधिक बोगदे आहेत, आणि शिमिलिगुडा हे सुमारे 996 मीटर उंचीवरचे स्टेशन दीर्घकाळ देशातले सर्वांत उंच ब्रॉडगेज स्टेशन होते. खनिजाची मोठी जहाजे लागावीत म्हणून 1970 च्या दशकात बाहेरचे बंदरही झाले. आज काचेच्या छताचा व्हिस्टाडोम डबा याच रुळांवरून चढतो आणि समोरून लाल धुळीने माखलेल्या वाघिणी उतरत असतात. या गाडीने गेल्याशिवाय बंदर समजत नाही, असे म्हणायला मला संकोच वाटत नाही.

यावर पहिला आक्षेप सोयीचा. मोटार लवकर पोचते, वाटेत हवे तिथे थांबता येते, गाडी मात्र रेंगाळते. खरे आहे, पण मोटार परतीसाठी राखून ठेवावी. अनंतगिरीचा घाट उतरताना सिल्व्हर ओकच्या सावलीतले कॉफीचे मळे आणि झाडांवर चढलेले मिरीचे वेल दिसतात, ते रस्त्यावरूनच पाहावेत. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा: सुटीत खाणी आणि वाघिणी कशाला बघायच्या? शिवाय आदिवासींच्या डोंगरातून खनिज उपसणाऱ्या मार्गाचे कौतुक कसले? कौतुक करावे असे मी म्हणत नाही, डोळसपणे पाहावे इतकेच. अराकूच्या वाटेवरच्या बोर्रा गुहेत छतावरून लोंबणारे चुनखडीचे सुळके सगळे पाहतात. त्याच परिसरातील खाणपट्ट्यांवरून ‘समता’ खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि अनुसूचित क्षेत्रातील जमीन खाणकामासाठी खासगी कंपन्यांना भाडेपट्ट्याने देता येणार नाही, असा निकाल 1997 मध्ये लागला. गुहेच्या तिकिटाइतकाच हा निकालही त्या जागेचा भाग आहे.

डोंगरातून खाली फक्त खनिज येते असेही नाही. बोर्राजवळ उगम पावणारी गोस्तनी भीमुनिपट्टणमला समुद्राला मिळते, आणि वाटेत ताटिपुडी धरणातून तिचे पाणी विशाखापट्टणमच्या नळांना येते. वर आदिवासी शेतकऱ्यांनी फिरत्या पोडू शेतीच्या जोडीला कॉफी धरली आणि 2019 मध्ये अराकूच्या अरेबिकाला भौगोलिक मानांकन मिळाले. बाजारातल्या ‘बांबू चिकन’च्या ठेल्यांवर गर्दी असतेच, पण पाकीटबंद कॉफी घेऊन निघणारे निम्मे लोक ती कुठे पिकली हे विचारतही नसावेत.

हवा ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. सकाळच्या किरंदुल गाडीच्या व्हिस्टाडोम डब्याचे आरक्षण आधीच करा, बोर्रा परतीच्या रस्त्यावर पाहा, आणि दिवस कमी पडत असतील तर किनाऱ्यावरची एक संध्याकाळ सोडा, गाडी सोडू नका.